एक मजकूर, अनेक नांवें

इतिहासाच्या साधनांत पत्रांचा मान मोठा आहे. जुनें पत्र हातीं आलें म्हणजे अभ्यासक प्रथम त्याची मिति पाहतो, मग लिहिणाराचें व घेणाराचें नांव पाहतो आणि नंतर मजकुराकडे वळतो. परंतु तें पत्र आपणांपर्यंत टिकून कसें राहिलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. पत्र ही मुळांत दुसऱ्याच्या हातीं जावयाची वस्तु. एकदां तें जासुदाच्या थैलींत पडलें कीं पाठविणाराचा त्यावरील ताबा सुटला. आपण काय लिहिलें होतें याबद्दल पुढें वाद निघाला, तर त्याला आधार एकच. दप्तरांत ठेवलेली नक्कल. म्हणून पत्रलेखनाच्या इतिहासाला दोन बाजू आहेत. एक लिहिण्याची आणि दुसरी राखून ठेवण्याची. पहिलीवर पुष्कळांनीं लिहिलें आहे. दुसरी बहुधा उपेक्षेंतच पडली आहे.

आज आम्ही ज्या विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों, तो या दोन्ही बाजूंच्या सांध्यावरचा आहे. एकच मजकूर शेंकडों माणसांना पाठवावयाचा, प्रत्येक पत्रांत नांव, रक्कम, तारीख एवढेंच बदलावयाचें, आणि गेलेल्या प्रत्येक पत्राची वेगळी नक्कल दप्तरीं ठेवावयाची, हें काम आज संगणक करतो. मजकूर व नांवें यांचा मेळ घालण्याच्या क्रियेस ‘मेलमर्ज’ म्हणतात, आणि तयार झालेलें प्रत्येक पत्र आपोआप वेगळें जतन करण्यासाठीं संगणकास जी आज्ञावलि लिहून देतात तिला ‘मॅक्रो’ म्हणतात. हे शब्द नवे आहेत खरे. पण त्यांनीं सोडविलेला प्रश्न फार जुना आहे, आणि तो पुरता सुटला आहे असेंही आम्हांस वाटत नाहीं.

मजकुरांत नांवापुरती जागा मोकळी ठेवण्याची युक्ति आपल्या घराघरांत रुजलेली आहे. कोणत्याही पूजेच्या आरंभीं भटजी संकल्प सांगतात. पोथींत तो ‘अमुक गोत्र, अमुक नाम’ असाच छापलेला असतो. संवत्सर, अयन, ऋतु, मास, तिथि, नक्षत्र, यजमानाचें गोत्र व नांव या सर्व जागा पोथीनें मोकळ्या ठेवल्या आहेत. त्या त्या दिवशीं, त्या त्या घरीं भटजी त्या भरून काढतात. पोथी एक, पंचांग दुसरें आणि यजमान तिसरा. या तिघांच्या मेळानें एक संकल्प सिद्ध होतो, आणि तो दुसऱ्या कोणाचा होऊं शकत नाहीं. ‘अमुक’ हा शब्द म्हणजे नांवासाठीं राखलेलें रिकामें आसनच होय.

युरोपांतही असेंच झालें. सातव्या शतकाच्या सुमारास फ्रँक लोकांच्या राज्यांत मार्कुल्फ नांवाच्या एका ख्रिस्ती साधूनें दानपत्रें, राजाज्ञा व करारनामे यांचे नमुने एकत्र केले. तेथें नांवाच्या जागीं ‘तो’ या अर्थाचा लॅटिन सर्वनामशब्द घातलेला आढळतो. आपल्याकडे गुजराथेंत तयार झालेला ‘लेखपद्धति’ हा संस्कृत संग्रह याच जातीचा. तो १९२५ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेंत प्रसिद्ध झाला. त्यांत राजशासनें आहेत, गहाणखतें आहेत, घरगुती पत्रांचे नमुने आहेत, आणि दासींच्या विक्रीचेही नमुने आहेत. हे शेवटचे वाचतांना अंगावर कांटा येतो. माणसाच्या विक्रीचा मजकूर जेथें ठरीव झाला, तेथें तो व्यवहार किती सरावाचा झाला असला पाहिजे! साचा हा त्या समाजाच्या संवयीचा आरसा असतो. जें वारंवार करावें लागतें, त्याचाच साचा बनतो.

मराठी दप्तराकडे वळलें म्हणजे या विद्येचें एक अतिशय व्यवस्थित रूप दृष्टीस पडतें. पत्राचा ‘मायना’ ही आपल्या पूर्वजांनीं शास्त्राच्या पदवीस नेलेली गोष्ट होती. वडिलांस ‘तीर्थरूप’, मुलास ‘चिरंजीव’, बरोबरीच्यास ‘राजश्री’. ज्याच्या त्याच्या अधिकाराप्रमाणें व नात्याप्रमाणें विशेषणांची माळ ठरलेली असे. या मायन्यांत एक बारीक सोय आहे, तिकडे आम्ही मुद्दाम बोट दाखवितों. मराठींत विभक्तीचा प्रत्यय लागला कीं नांवाचें रूप बदलतें. गणेश याचें गणेशास होतें, सीता हिचें सीतेस होतें. तेव्हां ठरीव मजकुराच्या रिकाम्या जागेंत कोणतेंही नांव जसेंच्या तसें बसवावें, हें आपल्या भाषेंत सोपें नाहीं. पण जुन्या पत्रांत नांव जसेंच्या तसें लिहून त्यापुढें ‘यांसि’ हें सर्वनाम येतें, आणि विभक्तीचें ओझें तें सर्वनाम उचलतें. ही रचना आदरासाठीं आली; परंतु तिच्यामुळें नांवाची जागा मोकळी राहिली. आज संगणकावर मराठी पत्रांचा साचा करणारे लोक ‘यांना’ किंवा ‘यांस’ हाच शब्द वापरतात. चिटणिसांच्या फडावरची सोय अशी आज पुन्हां उपयोगास आली आहे.

नक्कल ठेवण्याच्या कामींही तें दप्तर मागें नव्हतें. पेशव्यांच्या रोजनिशांतून गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडून काढलेले उतारे ज्यांनीं चाळले आहेत, त्यांना हें ठाऊकच असेल. एखादें इनाम दिलें म्हणजे एक सनद इनामदारास, एक पत्र गांवच्या मोकदमास, एक परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांस आणि एक कमाविसदारास, अशीं त्याच आशयाचीं अनेक पत्रें निघत. दप्तरांत मजकूर एकदां लिहीत, आणि खालीं पत्रें कोणाकोणास गेलीं त्यांची यादी आंकड्यांसह देत. मजकूर एक, नांवें अनेक आणि त्याची नोंद एका ठिकाणीं! कागद व कारकुनाचे श्रम वांचविण्याचा हा उत्तम मार्ग होता. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या थोड्याच वर्षांत संपादिले, तेव्हां त्यांच्यापुढें असलेला कागदांचा डोंगर हा अशा हजारों निनांवी कारकुनांच्या नेकीचा ठेवा होता.

छपाईची कला निघाली तेव्हां ठरीव मजकुराला नवें बळ आलें. योहान गुटेनबर्गचें नांव निघालें म्हणजे आपणांस त्याचें बायबल आठवतें. परंतु तें बायबल पुरें होण्याच्या आधींच मेंझ शहरांत पापक्षमापत्रें छापलीं गेलीं होतीं. तुर्कांपासून सायप्रस बेटाचें रक्षण करण्यासाठीं द्रव्य हवें होतें; तें देणाराला पोपच्या अधिकारानें क्षमापत्र मिळे. मजकूर छापील असे. घेणाराचें नांव, गांव व तारीख यांपुरती जागा कोरी असे आणि ती लेखणीनें भरीत. हातानें भरलेल्या अशा प्रतींपैकीं सर्वांत जुनी ज्ञात तारीख २२ ऑक्टोबर १४५४ ही आहे. म्हणजे युरोपांत सुट्या खिळ्यांच्या छपाईनें अगदीं आरंभींच जीं कामें केलीं, त्यांत रिकाम्या जागा असलेला हा छापील कागद आहे. ग्रंथापूर्वीं फॉर्म जन्मला म्हटलें तरी चालेल.

छापखान्यानें मजकुराचा प्रश्न सोडविला. नक्कलेचा मात्र तसाच राहिला. छापील साचा सर्वांना सारखा, पण त्यांत हातानें भरलेलें नांव व आंकडा यांची प्रत पाठविणाराजवळ राहील कशी? वाफेच्या यंत्राच्या सुधारणेसाठीं प्रसिद्ध असलेल्या जेम्स वॅटनें १७८० सालीं यावर एक यंत्र काढलें. विशिष्ट शाईनें लिहिलेल्या पत्रावर ओलसर पातळ कागद ठेवून दाबला कीं शाईचा अंश त्यावर उतरे. अक्षरें उलटीं उमटत. पण कागद इतका पातळ असे कीं तो मागच्या बाजूनें सुलट वाचतां येई. १८०६ सालीं राल्फ वेजवुडनें कार्बन कागदाचा शोध नोंदविला. अमेरिकेचे अध्यक्ष टॉमस जेफर्सन यांनीं प्रथम वॅटचें यंत्र वापरलें, आणि पुढें १८०४ पासून दोन लेखण्या एकाच वेळीं चालविणारें ‘पॉलिग्राफ’ नांवाचें यंत्र जवळ केलें. एक लेखणी त्यांच्या हातांत असे. तिला दांड्यांनीं जोडलेली दुसरी शेजारच्या कागदावर तींच वळणें गिरवी. लिहितां लिहितांच नक्कल तयार होई. पाठविलेल्या पत्राची प्रत ही पाठविण्याच्या क्रियेंतूनच निघाली पाहिजे, मागाहून आठवून केलेली नसावी, हें तत्त्व या यंत्रानें जितकें स्पष्ट केलें तितकें दुसऱ्या कशानेंही केलें नसेल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत टंकयंत्र आलें, डेव्हिड गेस्टेटनरचें सायक्लोस्टाइल आलें, एडिसनच्या कल्पनेवर आधारलेलें मिमिओग्राफ १८८७ पासून विकलें जाऊं लागलें. नांवें व पत्ते धातूच्या पट्ट्यांवर उठवून ते लिफाफ्यांवर छापणारें यंत्रही त्याच शतकाच्या अखेरीस निघालें. मजकुरासाठीं एक यंत्र आणि पत्त्यासाठीं दुसरें, अशी ही विभागणी होती. दोघांचा मेळ घालणारा अद्याप माणूसच होता.

या ठिकाणीं थोडें थांबून साच्याच्या दुसऱ्या अंगाकडे पाहिलें पाहिजे. कारण तो केवळ सोयीचा विषय नव्हे. पहिल्या महायुद्धांत (१९१४–१८) ब्रिटिश लष्करांतील साधा शिपाई पडला, तर त्याच्या घरीं एक छापील कागद जाई. ‘आर्मी फॉर्म बी १०४-८२’ हा त्याचा क्रमांक. दुःखद कर्तव्य म्हणून आपणांस कळवावें लागत आहे, अशा अर्थाचा मजकूर छापलेला असे. शिपायाचा नंबर, हुद्दा, नांव, पलटण, मृत्यूचें स्थळ व तारीख या जागा कारकून भरी. बेपत्ता झालेल्यांसाठीं निराळा फॉर्म होता. अधिकाऱ्यांच्या घरीं तार जाई. शिपायाच्या घरीं फॉर्म. एका आईचा सगळा संसार ज्या बातमीनें अंधारला, ती बातमी सहा रिकाम्या जागांत बसविलेली होती. हें निर्दय वाटतें, आणि आहेही. पण लाखों घरीं कळवावयाचें असतां प्रत्येकास वेगळें पत्र लिहावें, असा आग्रह धरला असता, तर पुष्कळ घरीं महिनोन्‌महिने कांहींच कळलें नसतें. साचा निष्ठुर असतो. पण तो विसरत नाहीं, हा त्याचा गुणही मानला पाहिजे.

या कथेचा उत्तरार्ध नक्कलेचा आहे. सप्टेंबर १९४० मध्यें जर्मन विमानांनीं लंडनवर केलेल्या बाँबवर्षावांत युद्धखात्याचें दप्तर असलेली एक इमारत जळाली. पहिल्या महायुद्धांतील शिपायांच्या सेवेचे निम्म्याहून अधिक कागद त्यांत नष्ट झाले. उरले ते होरपळलेले. अभ्यासक त्यांना आजही ‘जळके कागद’ म्हणूनच ओळखतात. अशा वेळीं कित्येक घरांतील पेटींत घडी करून ठेवलेला तो फॉर्मच काय तो पुरावा राहिला. सरकारची नक्कल गेली. आईजवळचें मूळ राहिलें. नक्कल ठेवणें एवढ्यानें भागत नाहीं, ती कोठें व किती ठिकाणीं ठेवली हेंही महत्त्वाचें, हा धडा त्या आगीनें दिला.

विसाव्या शतकांत मजकूर व नांव यांचा मेळ यंत्रांकडे जाऊं लागला. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ‘ऑटो-टायपिस्ट’ नांवाचें यंत्र प्रचारांत आलें. भोंकें पाडलेली कागदाची गुंडाळी पाहून जसा यांत्रिक पियानो वाजतो, तशीं टंकयंत्राचीं बटनें त्यांत हवेच्या जोरानें आपोआप दाबलीं जात. नांवाची जागा आली कीं यंत्र थांबे. टंकलेखिका नांव घाली आणि यंत्र पुढें चालूं लागे. १९६४ सालीं आय.बी.एम. कंपनीनें चुंबकीय फितीवर मजकूर सांठविणारें टंकयंत्र काढलें. त्याच्या एका प्रकारांत दोन फिती लावतां येत. एकीवर पत्राचा साचा आणि दुसरीवर नांवें-पत्ते. दोन्हींचें मीलन होऊन पत्रें निघत. रिकाम्या जागेपाशीं माणूस बसण्याची गरज येथें संपली.

पुढें घरगुती संगणक आले. ‘वर्डस्टार’ हा लेखनाचा कार्यक्रम १९७८ पासून प्रसिद्धीस आला, आणि १९८० च्या सुमारास त्याला जोडून ‘मेलमर्ज’ नांवाचा वेगळा भाग विकला जाऊं लागला. पत्रांत जेथें नांव यावयाचें तेथें दोन खुणांच्या मध्यें त्या रकान्याची संज्ञा लिहावयाची. यादीची फाईल निराळी असावयाची. पोथींतील ‘अमुक’ संगणकांत शिरला तो असा. नंतर मायक्रोसॉफ्टच्या ‘वर्ड’ या कार्यक्रमानें हीच सोय घराघरांत नेली, आणि मेलमर्ज हा शब्द एका वस्तूचें नांव न राहतां क्रियेचें नांव झाला.

आतां ज्या अडचणीसाठीं आम्ही हें सर्व प्रास्ताविक केलें तिच्याकडे येतों. ‘वर्ड’मध्यें साचा व यादी यांचा मेळ घालून नवा दस्तऐवज करण्यास सांगितलें, तर तीनशें पत्रें तीनशें फाइलींत निघत नाहींत, तीं सगळीं एकाच लांबलचक फाइलींत, एकामागून एक, विभागांच्या खुणांनीं तोडलेलीं अशीं निघतात. छापून पाकिटांत घालावयाचीं असतील तोंवर हें ठीक आहे. पण एकास त्याचेंच पत्र संगणकावरून पाठवावयाचें झालें, तर ती सबंध फाईल पाठविणें म्हणजे उरलेल्या दोनशें नव्व्याण्णव जणांच्या खाजगी गोष्टी त्याच्या हातीं देणें होय. आणि दप्तरांत एखाद्याचें पत्र हुडकावयाचें, तर शेंकडों पानें चाळावयाचीं. म्हणून पुष्कळ कारकून काय करतात, तर ती लांब फाईल फेंकूनच देतात. साचा आहे, यादी आहे. हवें तेव्हां पुन्हां मेळ घालूं, असा त्यांचा युक्तिवाद असतो.

हा युक्तिवाद किती पोकळ आहे, हें आम्हीं एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयांत प्रत्यक्ष पाहिलें आहे. तेथून चारशेंवर पालकांना फीच्या बाकीसंबंधीं पत्रें गेलीं होतीं. एक वृद्ध गृहस्थ आले आणि म्हणाले, “आपण मला अठरा हजारांची बाकी कळविली, माझी एवढी बाकी नाहीं.” कारकुनानें तत्परतेनें साचा उघडला, यादी जोडली व त्यांचें पत्र पुन्हां काढून दाखविलें, त्यांत आठ हजार होते. “आजोबा, आपण नीट वाचलें नसेल,” असें तो सर्वांदेखत म्हणाला. गृहस्थ कांहीं न बोलतां परत गेले, आणि दुसऱ्या दिवशीं घडी केलेला मूळ कागद घेऊन आले. त्यावर अठरा हजारच होते. मधल्या काळांत कोणीतरी यादींतील चूक दुरुस्त केली होती. त्यामुळें नव्यानें काढलेलें पत्र बरोबर होतें, पण तें पाठविलेलें पत्र नव्हतें. कारकून खोटें बोलला नव्हता. त्याच्या हातांत त्या दिवसाचें पत्रच नव्हतें, आणि नाहीं हें त्याला कळलेंही नाहीं. नातवाच्या फीसाठीं आलेल्या त्या वृद्धास मात्र एक दिवस खोटेपणाचा आरोप घेऊन घरीं बसावें लागलें.

येथें आमच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा येतो. साचा म्हणजे पत्र नव्हे, आणि यादी म्हणजेही पत्र नव्हे. अमुक दिवशीं, अमुक साच्याचा, तेव्हां जशी होती तशा यादीशीं मेळ झाला, त्या घटनेचें नांव पत्र. साचा मागाहून सुधारतो, यादी रोज बदलते. घटना मात्र एकदांच घडते. तिची नोंद त्याच क्षणीं झाली नाहीं, तर ती पुन्हां घडवितां येत नाहीं. पेशव्यांच्या कारकुनानें यादीवर नांवें लिहिलीं तीं पत्रें निघतांना. जेफर्सनची दुसरी लेखणी चालली ती पहिलीबरोबर. संगणकाच्या वेगापुढें आपण नेमकी हीच गोष्ट विसरलों.

यावरचा उपाय म्हणजे मॅक्रो. ग्रीक भाषेंत ‘लांब’ किंवा ‘मोठें’ अशा अर्थाच्या शब्दावरून हें नांव आलें. संगणकशास्त्रांत एका लहान संज्ञेनें सूचित होणाऱ्या मोठ्या आज्ञावलीस तें लावूं लागले. अशा आज्ञांचा विस्तार कसा करावा यावर बेल प्रयोगशाळेंतील डग्लस मॅकिलरॉय यांनीं १९६० सालीं महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. संस्कृत व्याकरणाशीं परिचित असलेल्या वाचकांस ही कल्पना परकी वाटणार नाहीं. पाणिनीनें ‘अच्’ म्हटलें कीं सर्व स्वर आले, ‘हल्’ म्हटलें कीं सर्व व्यंजनें आलीं. एकदां ठरविलेली लहान संज्ञा पुढें मोठा समूह वाहून नेते. मॅक्रोही तेंच करतो, फक्त तो समूह वर्णांचा नसून कृतींचा असतो. ‘वर्ड’मध्यें अशी सोय पूर्वीं निराळ्या रूपानें होती, १९९७ च्या आवृत्तीपासून ती ‘व्हिज्युअल बेसिक’ या भाषेंत आली.

आपल्या कामाचा मॅक्रो मोठा नसतो. तो यादींतील पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत एकेक पायरी चढतो. प्रत्येक पायरीवर तो ‘वर्ड’ला सांगतो, कीं आरंभही हीच नोंद आणि शेवटही हीच नोंद, एवढ्याचाच मेळ घालून नवा दस्तऐवज कर. तो झाला कीं यादीच्या एका रकान्यांतून नांव उचलून त्या नांवानें दस्तऐवज जतन करावयाचा, मिटावयाचा आणि पुढच्या नोंदीकडे वळावयाचें. मनुष्यानें तीनशें वेळां करावयाचें कंटाळवाणें काम तो थोडक्या वेळांत आटोपतो.

मात्र यंत्र सांगितलें तेवढेंच करतें. म्हणून सांगणारानें जपलें पाहिजे. ‘विंडोज’मध्यें फाइलीच्या नांवांत तिरकी रेघ, विसर्गासारखे दोन टिंब, प्रश्नचिन्ह वगैरे नऊ चिन्हें चालत नाहींत, तेव्हां तिरक्या रेघांनीं लिहिलेली तारीख नांवांत आली कीं काम अडतें. ही अडचण निदान डोळ्यांना दिसते. दुसरी दिसतही नाहीं. यादींत एकाच नांवाचे दोन इसम असले, तर दुसऱ्याचें पत्र पहिल्याच्या पत्रावर मुकाट्यानें लिहिलें जातें. मॅक्रो विचारीत नाहीं आणि तक्रारही करीत नाहीं. आपल्याकडे एका गांवांत एकाच नांवाचे दोन पाटील असणें ही नित्याची गोष्ट! म्हणून नांवाबरोबर अनुक्रमांक जोडणें अवश्य आहे, आणि शेवटीं यादींतील नोंदी व तयार झालेल्या फाइली मोजून ताळा पाहणें त्याहून अवश्य आहे. जुन्या दप्तरांत ‘रुजू’ करण्याची चाल होती, म्हणजे मुळाशीं ताडून पाहण्याची. ती चाल अद्याप सोडण्याजोगी झालेली नाहीं.

ज्या शक्तीनें एक आज्ञा शेंकडों पत्रें जतन करते, तीच शक्ति दुष्टाच्या हातीं पडली म्हणजे काय होतें, हेंही जगानें पाहिलें. १९९५ सालीं ‘वर्ड’च्या दस्तऐवजांतून पसरणारा पहिला मोठा मॅक्रो-विषाणु निघाला. २६ मार्च १९९९ रोजीं ‘मेलिसा’ नांवाचा दुसरा सुटला. तो एखाद्यानें उघडला कीं त्याच्या पत्त्यांच्या वहींतील पहिल्या ५० जणांना स्वतःच्या प्रती पाठवी. त्या पत्राच्या शीर्षकांत ‘अमक्याकडून महत्त्वाचा संदेश’ अशा अर्थाचे शब्द असत, आणि अमक्याच्या जागीं त्या फसलेल्या माणसाचेंच नांव भरलेलें असे. नीट पाहिलें तर हाही एक मेलमर्जच होता. ठरीव मजकूर, बदलतें नांव! परिचिताचें नांव पाहून लोक विश्वासले आणि फसले. अखेर २०२२ मध्यें मायक्रोसॉफ्टनें इंटरनेटवरून आलेल्या दस्तऐवजांतील मॅक्रो मुळांतच बंद ठेवण्याचें ठरविलें. म्हणून मॅक्रो दुसऱ्याकडून आलेला आंधळेपणानें चालवूं नये. आपला आपण लिहावा, किंवा ओळखीच्या जाणत्याकडून लिहून घेऊन समजून घ्यावा.

कायद्यालाही या गोष्टीची जाणीव आहे. आपल्या देशाच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७ व्या कलमांत, जे दस्तऐवज राखणें आवश्यक आहे ते विद्युत्‌रूपांत राखावयाचे असतील तर ते पुढेंही वाचतां यावेत, ते मूळ ज्या रूपांत निघाले त्याच रूपांत किंवा त्याचें यथार्थ दर्शन घडविणाऱ्या रूपांत असावेत, आणि ते कोठून कोठें, केव्हां गेले याचा तपशील राहावा, अशा अटी घातल्या आहेत. मोठमोठ्या कार्यालयांनीं तर त्या पाळाव्याच. पण पतपेढी, शाळा, वाचनालय, गृहनिर्माण संस्था अशा लहान ठिकाणीं, जेथें एखादाच कारकून सर्व कांहीं पाहतो, तेथें त्यांचें मोल अधिक आहे. कारण तेथें पत्र घेणारा व देणारा एकमेकांस ओळखतात, आणि एका चुकीच्या आंकड्यानें पैशापेक्षां अब्रूच अधिक जाते.

मार्कुल्फ साधूपासून मॅक्रोपर्यंतच्या या तेराशें वर्षांच्या वाटेवर साधनें बदललीं. माणसाची गरज बदलली नाहीं. पुष्कळांना एकच गोष्ट सांगावयाची असते, आणि तरीही ती प्रत्येकाला त्याच्या नांवानें सांगावयाची असते. ज्याला आपण नांवानें पत्र लिहिलें, त्याच्यापुरतें तें पत्र एकमेव आहे. त्याच्या घरच्या पेटींत तें तसेंच राहील. मग आपल्या दप्तरांतही तें त्याच्याच नांवानें, जसें गेलें तसें राहावें, एवढी अपेक्षा कांहीं मोठी नव्हे. त्या वृद्ध गृहस्थांनीं तो घडी केलेला कागद टेबलावर ठेवला तेव्हां कारकुनानें उठून त्यांची क्षमा मागितली, आणि पुढच्या पत्रांपासून त्या कार्यालयांत प्रत्येक पत्राची वेगळी प्रत राहूं लागली. तिला लागणारा मॅक्रो वीसपंचवीस ओळींचा आहे.